सुईपुरती जागा

नऊवारी लुगड्याची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. त्याची चारपदरी घडी घातली की पावणेसात फूट लांब आणि साधारण चार फूट रुंद, म्हणजे एका माणसाच्या अंथरुणाएवढे चार थर आयते मिळतात. कात्री लागत नाही, वाया काही जात नाही. महाराष्ट्रातली गोधडी कितीतरी पिढ्या या हिशोबावर चालली. सहावारी आली म्हणूनही ती अडली नाही, कारण साडेपाच मीटरची सुती साडी तिपदरी घातली तरी सहा फूट भरते. अडली ती नायलॉन आणि टेरिकॉट घरात शिरल्यावर. सुती लुगडं धुऊन धुऊन विरतं, मऊ होतं, त्याचं जुनेर होतं. सिंथेटिक साडी मऊ व्हायचं नावच घेत नाही. तिचे थर एकमेकांवरून सरकतात, घाम टिपत नाहीत आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळतात. मग अशा साड्या बोहारणीच्या गाठोड्यात गेल्या, त्यांच्या बदल्यात स्टीलची पातेली घरात आली, आणि माळ्यावरच्या गोधड्यांच्या चवडीत नवी भर पडेनाशी झाली. आवड सरली म्हणून गोधडी मागे पडली असं आपण सहज म्हणून टाकतो. मला वाटतं, आधी कापड सरलं.

हे पुस्तक गोधडीचं आहे आणि त्याहूनही गोधडी शिवणाऱ्या बाईच्या घराचं आहे. तिचा दिवस कसा जातो, सणावारांच्या गर्दीत तिच्या हातात कोणतं काम असतं, आणि दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती शिवणाची जागा कशी उभी करते, या तीन प्रश्नांभोवती लेखिकेनं ते रचलं आहे. मापं, नमुने, कृती आहेतच. पण कृतीच्या आधी घर येतं, हे तिनं ओळखलं आहे. मराठीत गोधडीवर जे लिहिलं जातं त्यातलं पुष्कळसं आठवणींच्या अंगानं असतं : आजी, तिच्या लुगड्याचा वास, थंडीतली ऊब. ती ऊब शिवायला मात्र जागा, वेळ आणि कापड लागतं, आणि या तिन्ही गोष्टी घरानं दिल्या तर मिळतात, एरवी नाही. अंगण गेलं, दुपारी चार बायका एकत्र बसणं गेलं, सुती लुगडं गेलं, तसतशी गोधडी बदलत गेली. शिवणाची खोली हा म्हणूनच हौसेचा भाग नव्हे. पूर्वी अंगणानं जे काम केलं ते आता कोण करणार, हा त्यामागचा प्रश्न आहे.

नवख्या वाचकासाठी आधी मूळ गोष्ट सांगायला हवी. जुन्या कापडाचे थर एकावर एक पसरायचे, वर-खाली त्यातल्या त्यात धड कापड ठेवायचं, पोटात विरलेली धडुती भरायची, आणि हे सगळं साध्या धावदोऱ्यानं एकमेकांत बांधून टाकायचं. विदर्भ-मराठवाड्यापासून कोकणापर्यंत ही गोधडी, दक्षिण महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी वाकळ, आणि तान्ह्या बाळापुरती लहान केली की दुपटं. सारवलेल्या अंगणात कापड ताणून कडांवर दगड किंवा वरवंटा ठेवायचा, मोठे कच्चे टाके घालून थर धरायचे आणि कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत मध्याकडे सरकायचं. चार बाजूंना चार जणी बसल्या तर काम झरझर उरकतं. एकटीनं केलं तर किती? सहा फूट बाय चार फुटांची गोधडी घ्या आणि दोन ओळींत अर्धा इंच अंतर धरा. शहाण्णव ओळी होतात, शिवण भरते ५७६ फूट. इंचाला चार टाके धरले तर एका गोधडीत साडेसत्तावीस हजारांहून जास्त टाके पडतात. ‘हाताची गोधडी एवढी महाग का’ असं दुकानात विचारणाऱ्यानं ही बेरीज एकदा कागदावर करून पाहावी.

एवढं काम झालं कसं, याचं उत्तर टाक्याच्या स्वभावात आहे. धावदोरा कुठेही थांबवता येतो. दूध उतू जायला लागलं, पाळण्यात मूल उठलं, दारावर कुणी आलं, तर सुई कापडात खोचायची आणि उठायचं. परत आल्यावर ओळ तिथूनच पुढे. विणकामात घर मोजावं लागतं, मशीनवर मध्येच उठलं तर टीप वाकडी जाते. गोधडीला कशाचीच पर्वा नसते. ज्यांच्या वेळेवर घरातल्या प्रत्येकाचा हक्क होता आणि त्यांचा स्वतःचा नव्हता, अशा बायकांनी रचलेली ही कारागिरी आहे. तिच्या साधेपणाकडे ‘अडाणी हातांचं काम’ म्हणून पाहणारे हा भाग विसरतात.

भारतभर पाहिलं तर या कामाची घराणी वेगवेगळी दिसतात. एक घराणं थर आणि टाका यांचं. बंगालचा कांथा त्यातला सर्वांत नामांकित. जुन्या साडीच्या काठातून रंगीत धागे उसवून काढायचे आणि त्यांनीच कमळं, मोर, पालख्या भरायच्या. आज जपलेले सर्वांत जुने कांथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे आहेत. बिहारची सुजनीही याच घराण्यातली, मूळची बाळाला गुंडाळायची. मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावच्या बायकांनी गेल्या काही दशकांत तिच्यावर हुंडा, दारू, मुलींचं शिक्षण असे विषय भरायला सुरुवात केली. आपली गोधडी नात्यानं यांचीच बहीण, पण चित्रांच्या बाबतीत अबोल. तिच्यात नक्षी असते ती टाक्यांच्या ओळींची आणि जोडलेल्या काठापदरांची.

दुसरं घराणं ठिगळांचं. राजस्थान आणि सिंधची रल्ली, गुजरातची धडकी, उत्तर कर्नाटकातली कौदी ही त्यातली नावं. सोलापूरपासून बेळगावपर्यंतच्या सीमाभागात वाकळ कुठे संपते आणि कौदी कुठे सुरू होते, हे सांगणं कठीण. याच पट्ट्याच्या खाली, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलभागात सिद्दी समाजाच्या बायका कवंद शिवतात. यांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतल्या अनेकांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. या लोकांच्या घरच्या बोलीत आजही कोकणी-मराठीचा अंश आहे. कवंद एका कोपऱ्यापासून सुरू होते आणि चिंध्या जोडत कडेकडेनं आत वळत जाते. शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे त्रिकोणी फुला बसवतात. फुला नसलेली कवंद त्यांच्या लेखी उघडी, अपुरी. अमेरिकी अभ्यासक हेन्री ड्रुअल यांनी या कामाचा पुष्कळ अभ्यास केला आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कला त्याचं प्रदर्शन झालं. गोव्याहून काही तासांवर असलेलं हे काम मराठी माणसाला न्यूयॉर्कमार्गे कळावं, याला काय म्हणावं?

तिसरं घराणं रजईचं. ते कापसाचं आणि म्हणून बाजाराचं. पिंजारी धनुकली घेऊन दारात यायचा, कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा आणि लांब लांब टाके घालून द्यायचा. गोधडीला पैसा लागत नसे, रजईला लागे. एकाच घरात पाहुण्यांसाठी रजई आणि घरच्यांसाठी गोधडी ही वाटणी कितीतरी ठिकाणी होती.

या वाटणीतून एक गोष्ट निघते, आणि पुस्तकात ती थोडक्यात आली असली तरी मला इथे जरा थांबावंसं वाटतं. सोळाव्या-सतराव्या शतकात बंगाल आणि गुजरातमधल्या कारागिरांनी भरलेली, थर जोडून शिवलेली पांघरुणं पोर्तुगीज जहाजांतून गोव्यामार्गे युरोपात जात होती. पिवळसर रेशमानं भरलेले शिकारीचे प्रसंग, जहाजं, बायबलातल्या कथा. ती आज लिस्बनच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. एका बाजूला राजेरजवाड्यांच्या पलंगांवरचं हे वैभव, आणि दुसऱ्या बाजूला त्याच धावदोऱ्यानं शिवलेली वाकळ हे दारिद्र्याचं चिन्ह. आणखी एक तिसरी बाजूही आहे : ठिगळ मुद्दाम पांघरणाऱ्यांची. कर्जतचे संत गोदड महाराज तर नावातच गोधडी घेऊन आले. विदर्भातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर गाडग्याचं खापर आणि हातात खराटा घेऊन महाराष्ट्रभर फिरले. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. गोधडीकडे आज नॉस्टॅल्जियानं पाहताना हे तिन्ही पदर लक्षात ठेवायला हवेत. ज्यांच्या घरात वाकळेला उबेपेक्षा भोकं जास्त होती, पाचजणांत एकच होती आणि रात्रभर तिची ओढाताण चालायची, त्यांना ‘आजीच्या गोधडीची ऊब’ ही जाहिरात वाचून काय वाटत असेल? लेखिकेनं या घरांनाही पुस्तकात जागा दिली आहे, आणि त्याबद्दल मला तिचे आभार मानायचे आहेत.

मशीन आलं आणि शिवणाचं घरातलं स्थान बदललं. आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१ सालचं. भारतीय घरांत मशीन रुळायला पुढे बरीच दशकं लागली, आणि आधी ते शिंप्याच्या दुकानात रुळलं. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या सेवासदनसारख्या संस्थांनी शिवण हा बाईच्या कमाईचा मार्ग म्हणून शिकवायला घेतला. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सनं ‘उषा’ मशीन काढलं, आणि पुढच्या दोन पिढ्यांत हुंड्याच्या यादीपासून महिला मंडळाच्या योजनेपर्यंत पायमशीन सगळीकडे पोचलं. पण शिवण क्लासात शिकवलं गेलं ते झबलं, परकर, पोलका, ब्लाऊज. गोधडी कुणी ‘शिकवली’ नाही. ती बाजूला बसून पाहून यायची, म्हणून तिचा अभ्यासक्रम झाला नाही आणि पुस्तकही झालं नाही. स्वयंपाकाला १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ मिळाली. घराघरांत पोचेल असं गोधडीचं पुस्तक मराठीत आलं नाही. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर मोठ्या मेहनतीनं पुस्तक केलं, पण तेही इंग्रजीत.

पाश्चात्त्य क्विल्टिंगचा विषय इथे टाळता येत नाही, कारण आज पुण्या-मुंबईत, बंगळुरात किंवा न्यू जर्सीत गोधडी शिवायला बसणारी मराठी बाई दोन्ही वाटांवरून येते. अमेरिकेतही क्विल्ट घरातच वाढली : चिंध्यांचे चौकोन जोडून तयार केलेली नक्षी, लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, भोवती शेजारणी. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं क्विल्टी पलंगावरून उचलून चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या आणि तिथल्या पुनरुज्जीवनाला जोर आला. १९७९ मध्ये ओल्फा या जपानी कंपनीनं चाकासारखं फिरणारं कापायचं हत्यार बाजारात आणलं. त्याबरोबर खाली अंथरायची मॅट आणि जाड पारदर्शक पट्टी आली, आणि तासाभराचं कापणं पाच-दहा मिनिटांवर आलं. घरातल्या शिवणाच्या खोलीचं आजचं रूप पुष्कळसं या तीन वस्तूंनी ठरवलं आहे, कारण त्यांना उभ्यानं काम करायचं टेबल लागतं.

अलाबामातल्या जीझ बेंडची गोष्ट मात्र आपल्याला जास्त जवळची वाटेल. गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांची ही वस्ती नदीच्या वळणात एकटी पडलेली. बायका शेतात घालून फाटलेल्या विजारी, पिठाच्या पिशव्या जोडून पांघरुणं करायच्या. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६६ मध्ये, त्या परिसरातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं, २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्यानं त्यांच्या क्विल्टींची तिकिटं काढली, आणि २००७ मध्ये त्यांतल्या काही जणींना हक्कांसाठी आणि पैशांसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. कौतुक आणि मोबदला एकाच गाडीनं येत नाहीत. आपल्याकडे गोधडीला सध्या कौतुकाचे दिवस आले आहेत, म्हणून हे लिहून ठेवलं.

आता घर. मराठी घरातलं शिवणाचं वर्ष पंचांगाप्रमाणे फिरतं, आणि पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला भाग तोच आहे. संक्रांतीच्या आधी काळ्या कापडाची घाई : बोरन्हाणाचं झबलं, सुनेची पहिली संक्रांत असेल तर तिच्या साडीचा फॉल-पिको, आणि रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवाला लुटायला वीस-पंचवीस बटवे. प्लॅस्टिकचे डबे वाण म्हणून वाटण्यापेक्षा खणाच्या कातरणांचे बटवे कितीतरी देखणे, शिवाय त्यात शिकाऊ हाताचा सराव होतो. पाडव्याला गुढीचं वस्त्र. चैत्र-वैशाखात मूळची गोधडीची वेळ : शेतीची कामं आटपलेली, ऊन खणखणीत, पावसाळा दोन महिन्यांवर. अंगणासाठी तेव्हा कुरडया-पापडांच्या वाळवणाशी भांडण व्हायचं. गच्चीवर आजही होतं. लग्नसराई असल्यानं याच दिवसांत रुखवत, आणि रुखवतात एक तरी हातची गोधडी असावी असा आग्रह पुन्हा दिसू लागला आहे.

नागपंचमीला चिरू-कापू नये म्हणतात, तेव्हा कात्रीलाही सुट्टी. ती संपते तशी खरी धांदल सुरू होते. गणपतीच्या मखरामागचा पडदा, गौरींची वस्त्रं, मग नवरात्र. पश्चिम महाराष्ट्रात घट बसायच्या आधी ‘दसरा काढतात’, म्हणजे घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर, ओढ्यावर किंवा कालव्यावर नेऊन धुतात. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. दोन टोकांना दोघी उभ्या राहून पिळतात आणि खडकावर वाळत घालतात. गोधडीची तपासणीही त्याच दिवशी होते. कुठे टाका उसवला, कुठे वरचं कापड फाटलं, यंदा डागडुजी करायची की तिच्यावरच नवा थर चढवायचा, हे तिथे ठरतं. कितीतरी गोधड्यांच्या पोटात याच कारणानं आणखी एक जुनी गोधडी निघते. खंडेनवमीला मशीन पुसून, तेल घालून त्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. दिवाळीत कापडी आकाशकंदील, तोरणं, आणि ऐन वेळी कुणीतरी आणून दिलेलं उंची कमी करायचं काम. ‘तुझं मशीन निघालंच आहे, तर एवढी एक टीप मार’ हे वाक्य शिवणाऱ्या प्रत्येकीनं ऐकलेलं आहे. सणाच्या कामाला तारीख असते, म्हणून ते पुरं होतं. गोधडीला तारीख नसते, म्हणून ती राहते. लेखिकेचा तोडगा असा की दर सणाच्या कातरणांतून गोधडीचा एकेक तुकडा त्याच आठवड्यात जोडून ठेवायचा. वर्षअखेरीस त्यांची एक गोधडी होते, आणि तिच्यात कुठला तुकडा कुठल्या सणाचा हे घरातली मुलं बोट ठेवून सांगतात.

सणांपलीकडचं एक काम बाळंतविड्याचं. दुपटी, लंगोट, टोपडं, कुंची. बाळाच्या अंगाला पहिल्यांदा जुनं, धुवट कापडच लावायचं ही पद्धत बिहारच्या सुजनीमागेही आहे आणि आपल्याकडेही. नव्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला टोचते, हे त्यामागचं साधं कारण.

शिवणाच्या खोलीचा भाग वाचताना काही वाचकांना वाटेल की ही चैन झाली. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, तिथे सुईला कुठली खोली? व्हर्जिनिया वुल्फनं लिहिणाऱ्या बाईसाठी स्वतःच्या खोलीची मागणी केली ते पुस्तक १९२९ सालचं. त्याच वर्षी बंगालीत जसीमउद्दीन यांचं ‘नक्शी कांथार माठ’ हे दीर्घ कथाकाव्य आलं. त्यातली शाजू आपली सगळी कहाणी कांथ्यावर भरते आणि शेवटी तो कांथा तिच्या कबरीवर पसरला जातो. पहिलीला खोली हवी होती. दुसरीकडे खोली नव्हती, तरी काम झालं. मग खोली नसली तरी चालतं, असा निष्कर्ष काढणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. खोली नसताना काम झालं ते अंगण, ओसरी, सोपा, माजघर यांच्या जिवावर. फ्लॅटमध्ये यातलं काहीच उरलेलं नाही. जमिनीवर पसरलेली गोधडी संध्याकाळी जेवणाच्या वेळी गुंडाळावी लागली की दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पसरून थर सरळ करण्यात अर्धा तास जातो, आणि चौथ्या दिवशी ती कपाटावर जाते. पसरलेलं काम रात्रभर तसंच राहू देणारी जागा, ही शिवणाच्या खोलीची माझ्या मते खरी व्याख्या. ती दहा बाय दहाची असो, बंदिस्त केलेली गॅलरी असो की पलंगामागची भिंत असो.

अशी जागा मांडायचे मुद्दे फारसे अवघड नाहीत. कापायचं टेबल उभ्यानं वाकावं लागणार नाही इतकं, म्हणजे चौतीस ते छत्तीस इंच उंच हवं. घरात या उंचीच्या जवळ जाणारी एक जागा आधीपासून असते : स्वयंपाकाचा ओटा. दुपारी तो कोरडा पुसून, वर जाड पुठ्ठा टाकून कितीतरी जणी कापड कापतात. फक्त तेलाच्या डागावर डोळा ठेवायचा. मशीनचं टेबल याहून खाली, अठ्ठावीस-तीस इंचांवर. हातशिवणाला उजेड डाव्या बाजूनं यावा, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. डावखुरीनं उलट बसावं. रंग जुळवायचे ते दिवसाच्या उजेडात. पिवळ्या दिव्याखाली निळा आणि हिरवा फसवतात. इस्त्री हाताशी ठेवावी आणि शिवणीवर ती दाबावी, फिरवू नये, नाहीतर तुकडा तिरका ताणला जातो. भिंतीवर एक जुनी फ्लॅनेलची चादर ताणून लावली की सुती तुकडे तिला आपोआप चिकटतात. दुरून उभं राहून जुळणी पाहता येते. अंगण गेल्यावर आडवी मांडणी उभी झाली ती अशी. कोकणात आणि मुंबईत दमटपणाचा आणि कसरीचा वेगळा हिशोब करावा लागतो : कापड पूर्ण वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून, उन्हापासून लांब. वरच्या मजल्यावर राहत असाल तर मशीनखाली रबराचा तुकडा. खालच्यांशी संबंध टिकतात.

मशीनवर गोधडी शिवताना खरी अडचण वेगळीच येते. घरगुती मशीनच्या सुईपासून खांबापर्यंतचं अंतर सहा-सात इंच असतं. डबल बेडची अख्खी गोधडी गुंडाळून तेवढ्या फटीतून सरकवायची म्हणजे खांदे भरून येतात, आणि टेबलाखाली लोंबणाऱ्या वजनानं टीप ओढली जाते. यावर दोन उपाय : डावीकडे आणि मागे टेबल वाढवायचं, किंवा लहान लहान भाग थरांसकट शिवून घ्यायचे आणि मग जोडायचे. लहान घराला दुसरा उपाय सोसतो. पुस्तकात तो तपशीलानं आहे.

इथेच लेखिकेशी माझा एक मतभेद नोंदवतो. तिच्या मते हाताचा टाका असेल तरच गोधडी. मशीनची ती नुसती चादर. मला हे पटत नाही. मशीननं घरोघरी कितीजणींना कमाई दिली, आणि पाठीला, बोटांना, डोळ्यांना किती विश्रांती दिली, हे पाहता हा सोवळेपणा फार वेळ असणाऱ्यांचा वाटतो. आपली हरकत असायला हवी ती कारखान्यात एकाच वेळी शेकडो सुयांनी टिपून काढलेल्या, ठिगळांचं चित्र छापलेल्या कापडाला ‘हातची गोधडी’ म्हणून विकण्याला. मशीनवर बसलेली बाई आणि ती छपाई एका तागडीत घालू नयेत.

आत्ताच हे पुस्तक का, याची कारणं आजूबाजूला पसरलेली आहेत. घरात पूर्वी कधी नव्हते इतके कपडे येत आहेत, लवकर टाकले जात आहेत आणि त्यांचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही. बोहारणीलाही त्यांचं पूर्वीइतकं मोल उरलेलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत मास्क शिवायला कितीतरी मशीनांवरची आच्छादनं निघाली, आणि त्यांतली सगळी परत झाकली गेली नाहीत. चेन्नईत २०१९ मध्ये क्विल्टींचा देशव्यापी उत्सव भरला, तिथे पारंपरिक काम आणि नवं काम शेजारी शेजारी टांगलेलं होतं. गेलेल्या आईच्या किंवा आजीच्या साड्यांची गोधडी करून घेण्याची मागणी शहरांत इतकी वाढली आहे की त्यावर छोटे व्यवसाय उभे राहिले आहेत. परदेशी गेलेल्या मुली तिथल्या क्विल्ट मंडळांत नाव घालतात आणि सुट्टीत आल्या की आईला धावदोऱ्याबद्दल विचारतात. आईला तो येत असतो, पण कसा येतो ते सांगता येत नाही. ही फट या पुस्तकाला भरायची आहे.

पुस्तकाचा आवाका मुद्दाम मर्यादित आहे. संग्रहालयातल्या नमुन्यांची यादी, जातीजमातींप्रमाणे प्रकार, निर्यातीचं अर्थकारण यांत ते शिरत नाही. दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांवर एक प्रकरण आहे. ते वाढवून त्याचं वेगळं पुस्तक व्हावं असं माझं लेखिकेला सांगणं आहे, कारण त्यांच्या मजुरीबद्दल, उघड्यावर बसून काम करण्याबद्दल आणि पुढच्या पिढीनं हे काम सोडण्याबद्दल अजून कुणी नीट लिहिलेलं नाही. शिवणाच्या खोलीचा विचार करताना ज्यांची खोली म्हणजे फुटपाथ आहे, त्यांना वगळून चालणार नाही.

वाचकानं पहिल्या पानापासून सुरुवात केली पाहिजे असं काही नाही. जो सण जवळ असेल तिथून उघडावं. अजिबात न शिवलेल्यांनी मोठ्या गोधडीच्या मोहात न पडता तीन फुटी दुपट्यापासून सुरू करावं, आणि शक्य असेल तर जुनं सुती कापडच घ्यावं. नवं घ्यायचं झालं तर कापण्याआधी ते एकदा पाण्यातून काढावं. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं. जुना आणि नवा थर एकत्र शिवला आणि मग धुतला तर नवा आक्रसतो, जुना फुगतो आणि दुपटं चुरगळल्यासारखं दिसतं. काहींना ते रूपही आवडतं. आवडत असेल तर तसंच शिवा.